जुन्या मशिनला झेपतं का

आमच्या पार्थला मी एकच सांगत आलेय, बाबा रे, तोंड उघडायच्या आधी खोलीत कोण बसलंय ते बघ. ऐकेल तर तो पार्थ कसला. महापेला आयटी पार्कात नोकरी, दिवसभर मशिनशी बोलतो, मग घरी येऊन माणसांशीही तसंच बोलतो.

दसऱ्याला त्याने टीव्ही आणला. कोपरखैरण्यातला आमचा वन बीएचके, हॉलची भिंत ती केवढी, आणि टीव्ही असा की शोकेस उचलून गॅलरीत न्यावं लागलं. नाकापेक्षा मोती जड. मी दोन शब्द ऐकवले, पण आतून बरं वाटलं होतं, कारण टीव्ही ह्यांच्यासाठी होता.

ह्यांना वैशाखात लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. पाय सुधारला, काठी टेकत घरात फिरतात. जीभही थोडी सुटली, पण शब्द वेडेवाकडे पडतात म्हणून ह्यांनी बोलणंच टाकलं. तुर्भ्याच्या कंपनीत डिस्पॅचला होते. ट्रकवाल्यांवर ओरडून घसा कमावलेला माणूस, श्यामसुंदर म्हटलं की ड्रायव्हर बिडी विझवायचे. आता नुसतं "हं". आणि हाताचं तर काही होईचना. मैत्री नावाची पोरगी येते व्यायाम घ्यायला, तिने पहिल्याच आठवड्यात मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "काकू, पहिले सहा महिने महत्त्वाचे. बोटं हलती राहिली तर राहिली. नाहीतर हात मिटला तो मिटलाच."

तिने पिळायला चेंडू दिला, ह्यांनी तो डाव्या हाताने भिरकावला. कपड्यांचे चिमटे दिले, ते तसेच पडून. मग एका दुपारी माळ्यावरून पार्थचा गेम खाली आला. दहावीच्या निकालाला घेऊन दिलेला तो काळा डबा, कॉलेज संपल्यापासून कुणी पुसला नव्हता. त्यात मोटारींची शर्यत. गाडी वळवायची डाव्या अंगठ्याने, पण ॲक्सिलरेटर उजव्या बोटाखाली. ते बोट दाबून धरलं तरच गाडी पुढे जाते. सुरुवातीला ह्यांची गाडी भर रस्त्यात उभी, बाकीच्या भुर्रकन पुढे, आणि हे घामाघूम. स्वयंपाकघरातून बघताना माझा जीव तुटायचा. पण सोडलं नाही हो ह्यांनी. श्रावणात पहिली शर्यत पुरी केली, शेवटून पहिले आले. गणपतीत त्याच बोटाने दाराची बेल दाबून दाखवली. मैत्री म्हणाली, "काकू, काहीही करा, पण हा गेम बंद पडू देऊ नका."

तर दसऱ्याची संध्याकाळ. जुन्या टीव्हीला तो डबा लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला असायचा, सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. पार्थने ती वायर काढली, एचडीएमआय लावली, सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी टिकटिक केलं आणि म्हणाला, "बाबा, आता बघा, फुल एचडी."

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, तरी मी हातातला झारा घेऊन बाहेर आले. घाटातल्या गवताचं पातं न् पातं दिसत होतं. पुढच्या गाडीचा नंबर वाचता येत होता. हे पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "पाटी." वळणाची पाटी होती ती. रोज त्याच वळणावर ह्यांची गाडी कड्याला धडकायची, कारण जुन्या टीव्हीवर पाटी दिसायचीच नाही. त्या दिवशी गाडी सुरेख वळली.

आणि डबा घरघरायला लागला. कुकर शिट्टीला येतो तसा आवाज चढत गेला. मग टीं टीं टीं झालं, लाल दिवा लुकलुकला आणि एवढा मोठा टीव्ही काळा पडला. पार्थने पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर शर्यत सुरूसुद्धा झाली नाही.

पार्थ डब्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "संपलं. त्या काळच्या मशिनला एवढा लोड नाही झेपत, आई. जुनं झालंय, किती दिवस ओढणार? फेकून द्यायचं आता, दुसरं काय."

ह्यांच्यासमोर म्हणाला. ह्यांनी कंट्रोलर सोफ्यावर ठेवला, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर नेऊन ठेवला. बस. त्यानंतर तो हात तिथून हलला नाही.

पार्थ वाईट नाही. त्याने लगेच नवीन घ्यायची तयारी दाखवली. हे म्हणाले, "नको." मैत्री आली, तिलाही "नको". मी एकटी असताना विचारलं, "का हो, असं का करता?" हे म्हणाले, "झे… पत नाही." डब्याबद्दल बोलत नव्हते, एवढं कळायला मला कुणाची गरज नव्हती. त्या क्षणी पार्थ समोर असता तर मी त्याच्या एक ठेवून दिली असती, पोरगा तिशीचा झाला म्हणून काय झालं. भीती वाटत होती हो मला. सहा महिने भरत आले होते आणि बोटं आत वळायला लागली होती. रात्री मी हळूच उघडायचे, सकाळी पुन्हा मिटलेली.

रविवारी सोसायटीत जुनं इलेक्ट्रॉनिक सामान गोळा करणारी व्हॅन येणार होती. पार्थने पिशवी भरून दाराशी ठेवली. मोडके चार्जर, मिक्सरचं एक भांडं, आणि सगळ्यात खाली तो डबा. मी पिशवी जेवणाच्या टेबलावर उपडी केली.

"आई, काय चाललंय?"

"आधी उघडून बघ. मग फेक."

"अगं, तुला कळत नाही. तो फुल एचडी दाखवतो, पण कसाबसा. तापतो खूप."

"मीपण तापते. मला घालतोस का व्हॅनमध्ये?"

हे सोफ्यावरच होते, काळ्या टीव्हीकडे तोंड करून. पार्थने त्यांच्याकडे बघितलं, काय मनात आलं कोण जाणे, पण लॅपटॉपचे छोटे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला. मोबाइलवर व्हिडिओ लावला, एकेक स्क्रू वाटीत टाकत गेला. वरचं झाकण निघालं आणि तो थांबला.

"आई. हे काय आहे?"

आत सगळं केशरी होतं. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, हवा जायच्या जाळीत गच्च बसलेल्या, त्यावर कुंकवाची खपली आणि अक्षता.

माझीच पूजा होती ती. खंडेनवमीला दर वर्षी आपण हत्यारं पुजतो. ह्यांच्या कंपनीत वजनकाटा आणि ट्रक पुजायचे, हे पेढे घेऊन घरी यायचे. यंदा पाट मांडला, शिलाई मशिन ठेवलं, पार्थचा लॅपटॉप ठेवला, आणि वाटलं, ह्यांचं हत्यार आता हेच की. डबा मांडला. हळदकुंकू, अक्षता वाहिल्या, वरच्या जाळीवर झेंडू मोडून मूठभर फुलं घातली आणि हात जोडून म्हटलं, ह्यांचा हात परत दे. लॅपटॉप मिटलेला होता, शिलाई मशिनला काय होतंय, पण ह्याला वरून भोकं, ते मला कुठं सुचायला. दुसऱ्या दिवशी टीव्ही आला आणि सगळं खापर एचडीवर फुटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मला वाटलं पार्थ ओरडेल. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "म्हणजे नुसत्या लोडने नाही बंद पडला." आणि सोफ्याकडे बघून, मोठ्याने, "बाबा, ऐकलंत का?"

सोफ्यावरची मान तेवढी इकडे वळली.

त्याने ब्रशने पाकळ्या काढल्या, जाळी मोकळी केली. पंखा बोटाने फिरवला तर कट्ट करून अडकायचा. पात्याच्या खाली तांदळाचा एक दाणा रुतला होता. पार्थने चिमटा घातला, दाणा आणखी आत गेला. पुन्हा घातला, पुन्हा आत. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन, व्हॅन आलीय म्हणून.

"अख्खा पंखा काढावा लागेल," पार्थ म्हणाला. "आणि काढला तर मला परत बसवता येईल याची खात्री नाही. आई, खरं सांगतो, सोड आता."

काठीचा आवाज आला. हे उठले होते. कधी उठले ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि पार्थपुढे डावा हात पसरला. त्याने चिमटा दिला. पण ह्यांचा जन्माचा उजवा हात, डाव्याला कुठलं बारीक काम माहीत? चिमटा पात्यावर नुसता टकटकत राहिला. मग ह्यांनी तो उजव्या हातात घेतला.

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पार्थ काहीतरी बोलणार होता, मी डोळे वटारले. बोटं उघडली, मिटली, चिमटा टेबलावर पडला. ह्यांनी उचलला. पुन्हा पडला. ह्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि खाली व्हॅनवाला हॉर्न देत होता. कुणी मदतीला हात पुढे केला नाही, करायचाच नव्हता. चिमट्याची टोकं पात्याखाली गेली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांकडे सरकत गेली, थांबली, पुन्हा सरकली. चिमटा वर आला तेव्हा त्याच्या टोकाला कुंकवाने लाल झालेला दाणा होता. ह्यांनी तो वाटीत टाकला आणि पंखा बोटाने फिरवला. फिरला.

पार्थने डबा जोडला. सेटिंग उघडून म्हणाला, "बाबा, फुल एचडी बंद करतो. सातशेवीसवर ठेवतो. तेही एचडीच आहे, हा गेम मुळात तेवढ्यासाठीच बनवलाय. उरलेलं ताणायचं काम टीव्ही करेल." हे म्हणाले, "हं." उजवं बोट ॲक्सिलरेटरवर ठेवलं होतं.

गाडी सुटली. चित्र तेव्हाइतकं कोरीव नव्हतं, खोटं कशाला बोलू, पण गवत दिसत होतं, पाटी दिसत होती. आम्ही दोघं मायलेक शर्यत बघतच नव्हतो, डब्याचा आवाज ऐकत होतो. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. मी जाळीवर हात धरला, कोमट वारा येत होता. वॉचमनचा पुन्हा इंटरकॉम, व्हॅन निघतेय, काही द्यायचंय का? पार्थने मोडके चार्जरसुद्धा विसरून सांगून टाकलं, "नाही, काही नाही."

तिसऱ्या फेरीत, टीव्हीवरची नजर न काढता, हे बोलले. अडखळत, शब्द जोडत, पण पुरं वाक्य.

"जयमाला. देवाला… काय वाहायचं ते देवाला वाहा. माझ्या मशिनला… पुन्हा हात लावलास तर… याद राख."

पार्थने दचकून माझ्याकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, एकाला दोन दिल्याशिवाय मी कधी सोडलेलं नाही, हे त्याला ठाऊक आहे. मी तशीच वळले. स्वयंपाकघरात गेले, नळ पुरा सोडला आणि ओट्याला धरून पोटभर रडले. वैशाखापासून ह्या घरात मला कुणी ओरडलं नव्हतं.

मग तोंड धुतलं, आधण ठेवलं आणि आतूनच सांगितलं, "आधी चहा प्या, मग ओरडा."