समीक्षाच्या घोट्यावरची एक किलो वाळू

मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. मित्रांनो, माझा जन्म मालाडजवळच्या मढच्या कोळीवाड्यात, एका फाटक्या जीन्समधून झाला. मासळी विकणाऱ्या कमळनं नवऱ्याच्या जीन्सचा एक पाय कापला, त्यात धुऊन वाळवलेली वाळू भरली, दोन्ही तोंडं शिवली आणि नाड्या लावल्या. मग मासळी तोलायच्या काट्यावर मला ठेवलं. बरोबर एक किलो.

हा खटाटोप तिच्या मुलीसाठी होता. समीक्षा कबड्डी खेळायची. एका सामन्यात चढाई करताना तिनं डावा पाय जमिनीत रोवला आणि झटक्यात उजवीकडे वळली. अंग वळलं, पाऊल तिथंच राहिलं. गुडघ्यात टक् असा आवाज झाला. आतलं, हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं होतं.

ऑपरेशननंतर ती कांदिवलीला शुभा मॅडमकडे जाऊ लागली. मॅडम जखमी खेळाडूंकडून व्यायाम करून घ्यायच्या. त्यांनी टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी चार सेंटीमीटरनं बारीक भरली.

"एवढी कशी सुकली?" समीक्षानं विचारलं.

"काम नाही मिळालं की शरीर स्नायूला पोसत नाही. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. एक दिवसाआड. आणि एकच किलो हं!"

पहिल्या दिवशी मी तिला डोंगराएवढी जड झाले. ती ओठ आवळून जोर लावत होती, पण मांडीला जणू हुकूम ऐकूच येत नव्हता. पाय वीतभर उचलला आणि असा थरथरला की माझ्या पोटातली वाळू हलली. तीन आठवड्यांत मात्र ती मला सहज उचलू लागली. टेपवर मांडी तेवढीच होती, म्हणून तिला नवल वाटलं. तेव्हा शुभा मॅडम हसल्या. "आधी मेंदूची आणि स्नायूची ओळख पुन्हा पटते. मांस त्यानंतर भरतं. तेही व्यायामाच्या वेळी नाही, विश्रांतीच्या दिवशी."

हे शेवटचं वाक्य काही समीक्षाच्या कानात शिरलं नाही.

ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात निरोप आला, मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड तीन आठवड्यांवर आली आहे. समीक्षानं माझी शिवण उसवली आणि मला ठासून भरलं. मी तीन किलोंची झाले. आता ती सकाळी उचलायची, संध्याकाळी उचलायची, वर ओट्यावरून उड्या मारायची. माझ्या नाड्यांना तिची नस धडधडताना कळत होती. पायाची थरथर आता मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरली होती. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी?

पाचव्या दिवशी गुडघा शहाळ्यासारखा सुजला.

कमळ घरात आली तेव्हा समीक्षा भिंतीला टेकून रडत होती. "आय, माझी वाट लागली. आता मी निवडीला जाणार कशी?"

कमळनं मला हातात घेऊन तोललं. वजनात तिचा हात फसत नाही. तिनं शिवण उसवून जादाची वाळू काढली. मग म्हणाली, "बोंबील किती दिवस वाळतो गो काठीवर? घाई करून अर्धवट ओला उतरवला तर काय होतं?"

"कुजतो," समीक्षा पुटपुटली.

"मग? तुझा पाय काय बोंबलापेक्षा स्वस्त आहे?"

समीक्षा रडता रडता हसली. निवड हुकली. पण सूज पूर्ण उतरल्यावर तिनं मला पुन्हा बांधलं, आणि या वेळी मी एकच किलोची होते.

वर्षभरानं गोरेगावच्या मैदानावर ती सामन्यात उतरली. मी कडेला तिच्या बॅगेत होते. पहिल्याच चढाईत चौघींनी तिला पकडून पाडलं. ती उठली, धूळ झटकली, दोन्ही पायांवर उभी राहून हसत बाहेर आली. चढाई फुकट गेली होती, पण गुडघा टिकला होता.

इथं माझं काम संपायला हवं होतं. पण एका संध्याकाळी समीक्षाचं लक्ष आईकडे गेलं. बाजारात दिवसभर पाटावर बसून आलेली कमळ भिंत धरून उठत होती.

"आय, खुर्चीत बस. पाय सरळ कर."

"मला काय कबड्डी खेळायचीय?"

"मासळीची पाटी उचलायचीय ना?"

समीक्षानं माझी अर्धी वाळू काढली आणि मला आईच्या घोट्याला बांधलं. कमळनं पाय उचलला. सातव्या वेळी मांडी थरथरली. ती थरथर मी लगेच ओळखली, आणि समीक्षानंही.

"बस, आय."

"अजून दोन करते ना."

"नाय. परवा."

मित्रांनो, तुमचं शरीरही आधी असंच हळू आवाजात सांगत असतं. ते ओरडेपर्यंत थांबू नका.