सतरा नंबरचं पान

मी शिस्तीची आहे, हे मला स्वतःच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी ते कौतुकानं सांगत नाही. आई म्हणते, "हिला चिमूटभर मीठ आणायला सांगा, किती कण ते विचारून घेईल." त्यामुळे मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला 'संशोधन पद्धती' हा विषय आला तेव्हा मला वाटलं, चला, आपल्यासारख्यांचाही कुणीतरी विचार केलाय. बाकीचा वर्ग जांभया द्यायचा. स्वप्नांचे अर्थ शिकायला आलेली मुलं ती, त्यांना नमुना आणि नियंत्रित गट कशाला गोड लागतात!

वर्षाच्या शेवटी जोडीनं एक छोटा प्रयोग करायचा होता. माझा जोडीदार म्हणजे तक्ता. खरं नाव वेगळं आहे, पण डब्यात काय आणलं याचाही तो तक्ता करतो. आमचा प्रयोग असा होता : माणसाला वीस शब्दांची यादी दोन मिनिटं दाखवायची, मग आठवतील तेवढे शब्द लिहून घ्यायचे. त्यानंतर एक बंद पाकीट द्यायचं. आतल्या चिठ्ठीवर 'तुमची स्मरणशक्ती वरच्या गटात आहे' किंवा 'खालच्या गटात आहे' असं छापलेलं. चिठ्ठीचा उत्तरांशी काडीचा संबंध नाही. दहा वरच्या, दहा खालच्या, तीन दिवस आधीच छापून पिसून ठेवलेल्या. त्यानंतर एक प्रश्नावली : आत्ता स्वतःबद्दल काय वाटतं? आणि शेवटी, सगळं खोटं होतं हे समजावून सांगायचं.

हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी परवानगी दिली ती एकाच अटीवर. "खरं ऐकल्याशिवाय एकही माणूस खोलीबाहेर जाता कामा नये."

सगळ्यांना तेच आणि तेवढंच सांगायचं म्हणून मी बोलायची वाक्यं लिहून काढली होती. सोळा माणसांशी मी त्याबाहेरचा एक शब्द बोलले नव्हते. याचा मला अभिमान होता, तो आता सांगताना लाज वाटते.

सतरा नंबर सकाळी अकराला आल्या. पंचेचाळिशीच्या बाई, बोटांच्या कडांना वाळलेला डिंक. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "तुमच्या नोटिशीवर स्मरणशक्ती असं वाचलं, म्हणून आले. ग्रंथालय सहायकाच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलाय. आज चारपर्यंत द्यायचाय. पण सत्तावीस वर्षांत पुस्तक उघडून अभ्यास म्हणून केलेला नाही. म्हटलं, आधी डोकं तपासून घेऊ, मग ठरवू."

मला तिथंच थांबायला हवं होतं. समोर बसलेली बाई सांगत होती, की तू जे सांगशील त्यावर मी माझं पुढचं ठरवणार आहे. मला ते ऐकूही आलं आणि कळलंही. पण माझ्या कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. मी वाचलं, "कृपया सूचना पूर्ण होईपर्यंत प्रश्न राखून ठेवावेत."

त्यांनी राखून ठेवले. यादी वाचली, ओठ हलवत शब्द लिहिले. मी पाकीट दिलं, प्रश्नावली दिली आणि नियमाप्रमाणे दहा मिनिटं शेजारच्या खोलीत जाऊन बसले. परत आले तर खुर्ची रिकामी. प्रश्नावली नीट घडी करून ठेवलेली. सगळ्या प्रश्नांना एक ते सातपैकी एक, म्हणजे सगळ्यांत वाईट. शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' याखाली लिहिलं होतं, 'बरं झालं कळलं.'

पाकीट उघडं पडलं होतं. खालचा गट.

तक्त्यानं प्रश्नावली पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. "सगळे एक! अगं, गटांतला फरक काय सुंदर येईल!"

"तुझ्या फरकाला लागो आग," मी म्हटलं आणि मॅडमच्या खोलीकडे धावले.

मला वाटलं होतं, मॅडम ओरडतील. त्यांनी आधी संमतीपत्रांचं कुलूपबंद कपाट उघडलं, फक्त सतरा नंबरचं काढलं आणि फोन लावला. कुणी उचलला नाही. पाच-सहा वेळा तेच. मी बाईंचं फॉर्मबद्दलचं बोलणं सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला.

"हे तुला प्रयोगाआधी माहीत होतं?"

"हो."

"आणि तू वाचत राहिलीस."

त्यांनी पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. "जा. त्यांची पानं आणि चिठ्ठ्यांचा डबा बरोबर ने. नुसत्या तोंडी शब्दावर त्या विश्वास ठेवणार नाहीत. मीही ठेवला नसता."

दुकान विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत होतं. रोजच्या वाटेवर असून मी कधी पाहिलं नव्हतं. प्रबंधांची बांधणी करणारं दुकान. दारावर कुलूप आणि 'जेवून येते' अशी पाटी. मी पायरीवर बसून राहिले. तीन वाजायला दहा मिनिटं असताना बाई आल्या. मला बघून चपापल्या, पण कुलूप काढून आत घेतलं.

आत लोखंडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, कापायचं मोठं पातं आणि भिंतीशी काळ्या पुठ्ठ्यांचे प्रबंध. टेबलावर डिंकाचं भांडं होतं आणि भांड्याखाली अंथरलेला कागद म्हणजे परीक्षेचा फॉर्म.

मी एका दमात सगळं सांगितलं. चिठ्ठ्या आधीच छापलेल्या, तुमचं शब्दांचं पान कुणी तपासलेलंसुद्धा नाही, चूक माझी आहे. डबा उघडून उरलेली पाकिटं दाखवली. त्यांनी एकेक फोडून वाचलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मन राखायला आलीस होय, पोरी? चांगली आहेस. पण राहू दे. मी म्हटलंच होतं, हात दाखवून अवलक्षण."

"नाही हो काकू, खरंच सांगतेय."

"बरं, चिठ्ठी खोटी. पण शब्द तर मी खरेच विसरले ना? पान आणलंयस? मग तपास. माझ्यासमोर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फाइल उघडली. अक्षर वळणदार, शब्द थोडे. यादी शेजारी ठेवून मी पेन्सिलीनं खुणा करत खालपर्यंत गेले. वीसपैकी आठ. तेरा म्हणावं, असं मनात आलं. कुणाला कळणार होतं? घड्याळात सव्वातीन वाजले होते, तेरा म्हटलं असतं तर बाई उठून फॉर्म भरायला गेल्या असत्या. पण सकाळी मी त्यांच्याशी एकदा खोटं बोलले होते आणि तेही छापील.

"आठ," मी म्हटलं. "आणि एक शब्द तर यादीत नव्हताच. सुई."

"दोरा होता ना?"

"होता."

"मग सुई कशी नव्हती?" त्या खरोखर चिडल्या आणि मग एकदम हसल्या. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे चिठ्ठीचं खरं सांगत होतीस तू. मन राखायचं असतं तर पंधरा म्हणाली असतीस."

मी तेरा म्हणणार होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"आठ म्हणजे कमी की बरे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, काकू. ही यादी आम्हीच बनवली. दोन मिनिटांत बघितलेल्या शब्दांवरून कुणाला परीक्षा जमेल का, हे सांगता येत नाही. आणि बाकीच्यांची पानं आम्ही तपासलीच नाहीत."

"कधी तपासणार?"

"तपासणार नव्हतो. आम्हाला फक्त प्रश्नावली हवी होती."

त्यांचं हसू मावळलं. "म्हणजे एवढ्या माणसांनी डोकी खाजवून लिहिलं आणि तुम्ही वाचणारही नव्हता? मी इथं लोकांचे प्रबंध शिवते ना, एक पान उलटं लागलं तर सगळं उसवते. वाचणारं कुणी असो नसो."

त्यांनी डिंकाचं भांडं उचललं, फॉर्म काढून उजेडात धरला. मधोमध बांगडीएवढा गोल डाग. "पेन आहे?" त्यांनी विचारलं. मी दिलं. त्या उभ्यानंच लिहायला लागल्या. शिक्षणाच्या रकान्यापाशी थांबल्या, वर्ष आठवून बोटांवर मोजलं आणि लिहिलं.

निघताना हात पुढे केला. "माझी पानं दे. सकाळी तू वाचून दाखवलंस ना, कधीही माघार घेऊ शकता म्हणून?"

ते वाक्य मी सतरा वेळा वाचलं होतं. कुणी खरंच पानं परत मागेल, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मी दोन्ही पानं दिली. शब्दांचं पान त्यांनी पिशवीत ठेवलं. 'बरं झालं कळलं' लिहिलेलं मात्र चार तुकडे करून टोपलीत टाकलं.

मीही त्यांच्याबरोबर गेले. चारला पाच कमी असताना परीक्षा कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म दोन बोटांत धरला. "हा डाग कसला?"

"डिंकाचा. वाळलाय," बाई म्हणाल्या. त्यानं शिक्का मारला. पावती हातात आल्यावर त्यांनी ती दोनदा वाचली आणि दुकानाकडे चालू लागल्या. मला 'ये' म्हणाल्या नाहीत, 'जा'ही म्हणाल्या नाहीत.

मी प्रयोगशाळेत परतले तेव्हा तक्ता वाट बघत होता. सतरा नंबर गेला म्हणताच तो कपाळाला हात लावून बसला. मी उरलेली सोळा पानं काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि यादी समोर ठेवली.

"त्यांचा काय उपयोग?" त्यानं विचारलं. "अहवालात तो रकानाच नाही."

"माहितेय," मी म्हटलं आणि पहिलं पान वाचायला घेतलं. त्यावर सहा शब्द होते, आणि सातवा लिहून खोडलेला.