आठवी खुर्ची

सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्याला मुबश्शीरनं हॉटेल टाकलं. तो बरीच वर्षं स्पेनमध्ये आचारी होता. तिकडच्यासारख्या लहान लहान बशा मधोमध ठेवायच्या आणि सगळ्यांनी वाटून खायचं. त्याला तापास म्हणतात. आठ जणांनी मिळून टेबल घेतलं की फार स्वस्तात जेवण होई.

माझी बहीण जिवनबाई हिचा नवरा किसनसिंग मागच्या पावसाळ्यात धरणात मासे धरायला गेला, तो आलाच नाही. होडी सापडली, माणूस नाही. आता प्रेताच्या जागी पिठाचा माणूस करून जाळायचा, असं तांड्यानं ठरवलं. जिवनबाई ऐकत नव्हती. शेवटी थकून "करा" म्हणाली. ते उद्या सकाळी होतं. घरात पुन्हा रडारड व्हायच्या आधी सगळ्यांनी एकदा बरं जेवावं, म्हणून तिचा मुलगा ओमप्रकाश आम्हाला दिवेलागणीला तिथं घेऊन गेला.

आम्ही सातच भरलो.

"आठ असल्याबिगर हा भाव न्हाई, मामू," मुबश्शीर मला म्हणाला.

"आठच हावोत," ओमप्रकाश हसला. "आठवे आमचे बापू. येऊनच राहिले. लाव खुर्ची."

"काय बोलतोस रे!" मी दटावलं. जेवायला बसताना गेलेल्याचं नाव काढलं की आमच्यात ते आवतण होतं. मुबश्शीर थबकला, पण खुर्ची आणली.

मधात घोळलेले वांग्याचे काप आले. बशीत आठ तुकडे. आम्ही एकेक घेतला आणि बशी रिकामी झाली.

"आठवा कुणी खाल्ला?" ओमप्रकाशच्या बायकोनं, मिनानं विचारलं.

"तूच. खादाड!"

"तुमच्या मायची आण, एकच घेतला."

बटाटा घातलेल्या अंड्याच्या पोळीचंही तसंच झालं. मग कुणी हसेना. जिवनबाई खुर्चीकडं बघत होती. तिचे डोळे भरले.

"आले. म्हंजे गेलेच म्हणायचे," ती म्हणाली.

मग लसणातले झिंगे आले. तेल अजून उकळत होतं. आम्ही सगळे हात आखडून बसलो. तरी एक झिंगा कमी झाला.

जिवनबाई ताठ झाली. "हे ते न्हवं. ह्येंना झिंगे चालत न्हवते. अंगभर गांधी उठायच्या."

"मग कोण हाय, माय?"

तिनं पावाचा एक तुकडा खुर्चीपुढं ठेवला, तो ओढणीच्या टोकानं झाकला. "तू जो कुणी हाईस, खाली पाण्यात तुझ्यासंगं माझा माणूस हाय का? असंल तर घास घे. नसंल तर राहू दे."

गेलेल्यांना ठेवलेल्या घासाकडं आम्ही बघत नाही. पाठ फिरवून धरणाकडं तोंड केलं. वारा पडला होता. मागं खुर्ची करकरली. मिनानं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

जिवनबाईनं ओढणी उचलली. पाव तसाच होता.

"भाऊ," ती मला म्हणाली, "उद्याचं पीठ मळू नका."

"चल घरी, माय," ओमप्रकाश घाईनं उठला.

"बस खाली. बोलावलं तूच, आन् उपाशी उठवतो काहून?" तिनं उरलेल्या सगळ्या बशा खुर्चीपुढं सरकवल्या. "तुझीबी कुणी वाट बघत असंल, बाबा. जेव."

आम्ही पुन्हा पाठ फिरवली. खाण्याचा आवाज थांबेपर्यंत कुणी मागं पाहिलं नाही.