अण्णा जेवायला गेलेत

आकाराम लाड बी. ए. झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी, नाथाजींनी, अख्ख्या कुंडलला पेढे वाटले. पुढं दोन वर्षं पोरगं घरीच बसलं, तेव्हा त्याच कुंडलनं येता-जाता नाथाजींना त्या पेढ्यांची आठवण करून दिली. नाथाजी फौजेतून हवालदार होऊन परतलेले. पोराच्या बेकारीवर त्यांच्याकडे एकच उपाय होता, त्याला पहाटे उठवायचं. त्यानं बेकारी काही हटली नाही, दिवस तेवढा मोठा झाला.

सत्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सांगलीच्या कचेरीतून बोलावणं आलं. शिकलेल्या बेकारांना कामाचा सराव व्हावा म्हणून सरकारनं योजना काढली होती. सहा महिने एखाद्या धंद्यात काम शिकायचं, विद्यावेतन सरकार देणार, आणि माणूस पटला तर मालकानं त्याला कायम करायचं. साहेबानं आकारामला विषय विचारला. आकाराम म्हणाला, राज्यशास्त्र. साहेबानं थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याला ऑइल इंजिनच्या सुट्या भागांच्या दुकानात पाठवलं.

दुकान जिनपाल मगदूम यांचं. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. सरकार फुकट माणूस देतंय एवढं ऐकून अण्णांनी होकार दिला होता, पण तो माणूस खरोखर समोर येऊन उभा राहिल्यावर त्यांची पंचाईत झाली. गल्ल्याला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. माल काढून द्यायचा, तर नोझल कोणतं आणि गास्केट कोणतं हे पोराला ठाऊक नाही. राहता राहिला झाडू. तो आकारामनं पहिल्याच दिवशी आपण होऊन घेतला, तर केरबा हमालानं त्याच्या हातातून काढून घेतला. हे साहेब सरकारी माणूस, उद्या आपल्यावर केस व्हायची, असं केरबाचं म्हणणं पडलं. मग सरकारी माणसाला स्टुलावर बसवण्यात आलं आणि त्याला दोन वेळा चहा मिळू लागला. घरी बसणं आणि इथं बसणं यात फरक एवढाच, की इथल्या बसण्याला प्रशिक्षण म्हणत.

अण्णा जैन, आणि नेमधर्माचे पक्के. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, नंतर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. घर मागच्याच गल्लीत होतं, पण नेमकी तीच वेळ गिऱ्हाइकाची. दिवसभर मळ्यात इंजिनाशी झटून मेटाकुटीला आलेला शेतकरी मोडका भाग पिशवीत घालून संध्याकाळच्या एस.टी.नं उतरायचा, अण्णांच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या बघायचा आणि समोरच्या दुकानात शिरायचा. त्यामुळे दुकानावर बसू लागल्यापासून अण्णा जेवत असे नव्हतेच, पोट भरून पळत होते. गुणमालाबाई भाकरीवर भाजी वाढून वळेपर्यंत अण्णा चपला शोधत असायचे.

एके दिवशी फळ्या लावता लावता अण्णांना स्टुलावर बसलेलं सरकार दिसलं.

"मी जेवून येतो," अण्णा म्हणाले. "काय इकू नको, कशाला हात लावू नको. कोन आलं तर म्हनायचं, अण्णा जेवायला गेलेत, बसा."

योजनेतलं हे पहिलं काम. आकारामनं ते मन लावून केलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, बसायला सवड नाही, गाडी चुकंल. आकारामनं गाव विचारलं. पलूस. पलूसमध्ये कुणाचे? एवढ्यात तो मावशीच्या जावेचा भाऊ निघाला, आणि मावशीच्या जावेच्या भावाला उठून समोरच्या दुकानात जाणं काही शोभेना. नातं लागलं नाही तर फौज लागायची. कुणाचा चुलता नाथाजींच्या पलटणीत असायचा, नसला तर शेजारच्या पलटणीत असायचा. पाऊस सुरू होईतो केरबाला दुसरं बाक आणून टाकावं लागलं. माणसं बाकावर बसून उसावर, पोरींच्या लग्नांवर आणि डिझेलवर बोलत राहायची, आणि अण्णा परतले की त्यांना रांगेनं माल मिळायचा.

तिकडं गुणमालाबाईंनी दुसरी भाकरी वाढली, ती अण्णांनी बसून खाल्ली. ताक मागितलं. संसारात पहिल्यांदाच ते आमटीला मीठ कमी आहे म्हणाले, आणि बाईंना त्याचा आनंद झाला. चातुर्मास लागल्यावर तर अण्णा जेवून तसेच बस्तीत, जैनांच्या देवळात, आरतीला जाऊ लागले आणि दिवे लागल्यावर निवांत परतू लागले. त्याच चातुर्मासात त्यांनी मुनिमहाराजांपुढं खोटं न बोलण्याचा नियम घेतला. दुकानदाराला हा नियम महागात पडतो. पिस्टनची रिंग किती टिकेल असं कुणी विचारलं की अण्णा गप्प बसायचे. पण नियम त्यांनी मोडला नाही, हे साऱ्या पेठेला माहीत होतं.

इकडं आकारामच्या मनाला वेगळाच घोर लागला होता. औंधच्या लालासाहेबांची मुलगी शालू त्यानं यमाईच्या यात्रेत पाहिली होती आणि ती त्याला फार आवडली होती. धोंडुबाई आत्यानं मध्ये पडून बोलणं लावलं. लालासाहेबांचा निरोप आला, पोरगा कायम झाला की सुपारी फोडू, नाही झाला तर पोरीला दुसरं स्थळ आहे. दिवाळी जवळ आली, सहा महिने संपत आले, तेव्हा आकारामनं धीर करून अण्णांपाशी विषय काढला.

"तू पोरगा चांगला हायस," अण्णा म्हणाले. "पन संध्याकाळच्या येवड्याशा कामाला अख्खा मानूस कोन ठेवतंय रं?"

आकारामला ते पटलं. तेच त्याचं दुःख होतं. त्या दिवशी त्याला दुपारचा चहा गेला नाही.

शेवटच्या आठवड्यात, अण्णा जेवायला गेलेले असताना, जाड मिशांचा, पटका बांधलेला एक पाहुणा दुकानात आला आणि फूटव्हॉल्व्ह मागू लागला. हे लालासाहेब. पोरगा खरंच कामाला आहे का, हे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते. आकारामनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"अण्णा जेवायला गेलेत. बसा," तो म्हणाला.

"तुमीच द्या की."

"मला द्यायची परवानगी न्हाई."

"मग तुमी हितं काय करता?"

खोटं न बोलण्याचा नियम मालकाचा होता, आकारामचा नव्हता. हिशेब बघतो, गिऱ्हाईक सांभाळतो, काहीही सांगता आलं असतं. पण बाकावर चार माणसं ऐकत होती आणि त्यांना सगळं माहीत होतं.

"आलेल्या मानसांस्नी बसा म्हनतो," तो म्हणाला.

"आनि?"

"आनि काय न्हाई."

"कायम हाय का?"

"न्हाई. ह्या शनवारी संपतंय."

पाहुणा बाकाच्या टोकाला बसला. मग सवयीनं आकारामनं गाव विचारलं. औंध. औंधात कुणाचे? पाहुण्यानं नाव सांगितलं. इतके दिवस तो आधी गाव विचारायचा, मग बाकीचं बोलायचा. आज नेमकं उलटं झालं होतं. शालू आता हातची गेली, हे त्याला स्पष्ट दिसलं आणि भर दुकानात रडू येईल की काय अशी भीती वाटली. तो इंजिनाच्या पट्ट्यांकडं बघत बसला.

अण्णा आले. लालासाहेबांनी उठून रामराम घातला, फूटव्हॉल्व्हचं नावही न काढता आपण कोण ते सांगितलं, आणि सरळ विचारलं, "तुमी खोटं बोलत न्हाई म्हनत्यात. ह्यो पोरगा तुमच्याकडं कायम हाय का?"

अण्णांनी आकारामकडं पाहिलं, मग बाकांकडं, मग गिऱ्हाइकावाचून रिकाम्या असलेल्या समोरच्या दुकानाकडं. नकळत त्यांचा हात पोटावरून फिरला. गुणमालाबाईंनी त्या दिवशी दूधभात वाढला होता.

"जरा थांबा, पाहुनं," ते म्हणाले आणि वळले. "आकाराम, आजपासनं तू कायम. कबूल हाय?"

"व्हय, अण्णा."

"हां. आता इचारा."

लालासाहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"कायम हाय," अण्णा म्हणाले.

"काम काय करतो?"

अण्णांनी जरा विचार केला. नियम होता, मोजूनच बोलायला हवं होतं.

"मला जेवू देतो," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. लालासाहेब मिशीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या घरात बायका सगळ्यांच्या मागून जेवत. त्यांची आई तर जन्मभर चुलीपुढं उरलंसुरलं खाऊन, अर्धपोटीच जगातून गेली होती, आणि त्यांनी ते उभ्या आयुष्यात कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"मग आमची शालूबी येळेवर जेवंल म्हनायची," ते म्हणाले आणि पिशवी उचलून एस.टी. गाठायला निघाले.

आकाराम स्टुलावरून उठला. होणाऱ्या सासऱ्याशी काय बोलावं ते त्याला सुचेना.

"बसा," तो म्हणाला.