‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही

सुशांतने मला पहिली थोबाडीत मारली तेव्हा केंद्र चालवणाऱ्या माया मॅडम कोर्टात गेल्या होत्या आणि ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं महिला समुपदेशन केंद्र माझ्या, म्हणजे एका शिकाऊ पोरीच्या भरवशावर होतं. आतल्या खोलीत कडी लावून त्याची बायको ऐश्वर्या बसली होती. सकाळी टिटवाळ्याहून आलेली. नवऱ्याच्या माराने तिला एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं.

"ए, शाणपत्ती नको. आहे का ती इथे? हो की नाही, बोल!"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडून कोर्सला घोटून घेतलं होतं. आलेल्या बाईबद्दल कुणीही विचारलं तरी हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. ती कुठे आहे हे सांगायचा हक्क फक्त तिचा. वर्गात पंख्याखाली बसून हे फार सोपं वाटायचं.

"आम्ही कुणाचीच माहिती देत नाही," मी म्हटलं.

त्याने माझा मोबाइल भिंतीवर फोडला. मग माझं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. मी किंचाळले. खाली होमिओपॅथीच्या दवाखान्यात माणसं बसलेली असतात, त्यांना ऐकू गेलंच असणार. असेल कुणाचं तरी घरगुती म्हणून बसून राहिली असतील मेली.

"लोकांची घरं फोडता तुम्ही!" असं म्हणत त्याने माझे केस धरले आणि तोंड टेबलाच्या काठावर आदळलं. दात तुटला. रक्त गिळताना तुकडाही गिळला गेला. मला त्याचा जीव घ्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू? पण तोंडातून शब्द काढला नाही.

त्याने खुर्ची उचलली आणि आतली कडी वाजली.

"त्यांना मारू नका," ऐश्वर्या दारात उभी होती. "आले मी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढा मार मी खाल्ला कुणासाठी? ती बाहेरच्या दाराकडे निघाली तशी मी झेप घालून तिचं उजवं मनगट पकडलं. त्याने खुर्ची टाकून डावं धरलं.

"कुठे चाललीस? मरायचंय का? आत हो!" सकाळपासून मी तिला अहोजाहो करत होते.

"ताई, सोडा. दुखतंय मला."

"नाही सोडणार! तुला काही कळत नाही!"

"हिला काय कळतंय!" तिकडून तोही ओरडला आणि दोघं दोन बाजूंनी तिला ओढत राहिलो. मी नखं रुतवली. ती वाकली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली. मग सगळा जोर लावून तिने माझा हात हिसडला आणि जिन्यात धावली.

"मी ऐश्वर्या!" तिचा आवाज अख्ख्या बिल्डिंगभर गेला. "हा माझा नवरा! यानेच माझा कान फोडला! वरती ताईंना मारतोय, या कुणीतरी!"

आता मात्र दवाखान्यातली माणसं धावत वर आली. चौघांनी सुशांतला खाली पाडून धरून ठेवलं. कुणीतरी पोलिसांना फोन केला.

पोलीस स्टेशनात मी तोंडाला रुमाल दाबून बसले होते. महिला हवालदार ऐश्वर्याचे हात उलटेपालटे करून बघत होत्या.

"दोन्ही मनगटांवर वळ आहेत. नवऱ्यानेच ना?"

"डाव्यावरचे त्याचे," ऐश्वर्या म्हणाली. "उजव्यावरचे या ताईंचे. मी जिन्यात जाऊन ओरडणार होते. यांनी धरून ठेवलं."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं त्याचं उत्तर दिलं, एवढंच. माझी मान वर होईना. हवालदार बाईंनी पेन थांबवलं आणि माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"हे राहू दे ना? उगाच कशाला?"



"लिहा," मी म्हणाले. "त्या सांगताहेत तसंच लिहा."