गुरुवारी मी बंद असतो

दिनांक ११ जून २००९, गुरुवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. भोसरीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या सदतिसाव्या नटावर पाना फिरला आणि मी पूर्ण झालो. मित्रांनो, मी विजेवर चालणारा आरतीचा नगारा आहे. लोखंडी चौकटीत एक चामडी नगारा, एक पितळी घंटा आणि झांजांच्या दोन जोड्या. खटका दाबला की सगळे एकदम दणाणू लागते. देवळात ज्या यंत्राचा आवाज ऐकून तुम्ही लहानपणी कानांवर हात ठेवले असतील, त्यांपैकीच मी एक.

मला घडवणाऱ्या मारुतरावांचा लहानसा कारखाना होता. आमच्या या पट्ट्यात कारखान्यांना रविवारची सुट्टी नसते, गुरुवारची असते. त्या दिवशी कारखान्यात वीज नसे, म्हणून हाताने करायची जोडणी मारुतराव गुरुवारी करीत. माझी मागणी घेऊन त्यांच्याकडे आले होते ते कोंडीराम. थेरगावच्या जुन्या शेतकरी कुटुंबातले, डांगे चौकाजवळच्या वसाहतीतील दत्तमंदिरात वीस वर्षे संध्याकाळच्या आरतीला नगारा वाजवणारे. त्यांची अडचण साधी होती. आरतीला पाच जोडी हात लागतात. वसाहतीतले बहुतेक पुरुष कंपन्यांत. त्यांची दुसरी शिफ्ट लागली की देवळात हात उरत नसत. मग कोंडीराम उजव्या हाताने नगारा वाजवत, डाव्या हाताने घंटेची दोरी ओढत आणि झांजांचे काय करावे ते त्यांना सुचत नसे.

त्यांनी मारुतरावांना एकच अट घातली. ठोका आपल्या हातासारखा हवा. मारुतरावांनी त्यांना एका रिकाम्या तेलाच्या पिंपासमोर बसवले, हातात घड्याळ घेतले आणि तीनदा मोजले. मिनिटाला एकशे बारा, एकशे बारा, एकशे अकरा. त्यांनी एकशे बारा धरले आणि त्यावरून माझ्या कप्पीचा व्यास काढला.

म्हणजे माझा ठोका माझा नाही. तो कोंडीरामांच्या उजव्या हाताचा आहे. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे मला जो संताप आला त्याचे मूळ तिथे आहे.

ठरले होते ते असे: दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मी चालायचे, एरवी देवळातला जुना तांब्याचा नगारा आणि कोंडीरामांचे हात. मी मदतनीस म्हणून आलो होतो. पहिल्या संध्याकाळी माझ्यापुढे नारळ फुटला, गळ्यात हार पडला. कोंडीरामांच्या पत्नी सगुणाबाई तर माझ्या खटक्यालाच ओले कुंकू लावायला निघाल्या होत्या. शॉक बसेल म्हणून त्यांना चौघांनी मागे ओढले. शेजारच्या गल्लीतून माणसे मला पाहायला आली. तो महिनाभराचा मान मला आवडला, हे मी लपवणार नाही.

नंतर एक वाक्य ऐकू येऊ लागले. "मशीन आहे की." पहिली शिफ्ट करून आलेला माणूस घरी चहा घेत म्हणे, मशीन आहे की. पाय दुखतात, पाहुणे आलेत, सामना चालू आहे, तरी मशीन आहे की. मी दुसऱ्या शिफ्टसाठी होतो. तिन्ही शिफ्टना चालू लागलो. मी आलो तेव्हा आरतीला सरासरी चौदा माणसे असत. सहा वर्षांनी सहा झाली. दहा वर्षांनी तीन, आणि त्यांतले एक कोंडीराम. जे यंत्र उणे पडलेले हात भरून काढण्यासाठी केले, त्याच यंत्राने उरलेले हातही घरी बसवले. यात माझा दोष किती, हे मी अनेकदा मोजून पाहिले आहे. खटका दाबणारे बोट माझे नव्हते, एवढेच माझे म्हणणे.

मला मनोरंजनाचा राग नाही. याच देवळापुढच्या मोकळ्या जागेत गणपतीत पडदा लावून सिनेमे दाखवत, तेव्हा आरती आटोपून सगळे त्याच सतरंज्यांवर बसत आणि देवालाही कोणी हरकत घेतल्याचे आठवत नाही. राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. संध्याकाळी सात वाजता एक मालिका सुरू झाली. तीत एक देवी रोज कुणाच्या तरी घरातले भांडण मिटवी. मंदिर समितीचे सचिव शरच्चंद्र, एका मोठ्या कार्यालयातून निवृत्त झालेले शिस्तप्रिय गृहस्थ. त्यांच्या पत्नी चित्राताई महिला मंडळ चालवत. महिला मंडळाने ठराव केला आणि सातची आरती पावणेसातला आली. मग मालिकेचा महिनाभर रोज विशेष भाग होता, म्हणून ती साडेसहाला गेली आणि तिथेच राहिली. म्हणजे पडद्यावरच्या देवीची वेळ पक्की, आणि दगडातल्या देवाने आपली वेळ जुळवून घ्यायची. उन्हाळ्यात तर सूर्य मावळायच्या आत सांजआरती होऊ लागली तरी कुणाला काही खटकले नाही.

दिनांक १४ डिसेंबर २०२४, दत्तजयंती. त्या मालिकेत देवी होणारी नटी प्रमुख पाहुणी म्हणून आली. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आनंदलो; म्हटले, माणसे आली. पण मला चालू करायला कोणी आले नाही, कारण माझ्या आवाजात तिचे बोलणे ऐकू आले नसते. लोक देवाकडे पाठ करून उभे होते, कारण फोटोत देव मागे यायला हवा होता. त्या मुलीबद्दल माझी तक्रार नाही; ती बिचारी चपला बाहेर काढून आली आणि आधी मूर्तीपुढे वाकली. तिच्या पाया पडायला ज्यांनी रांग लावली, त्यांच्याबद्दल आहे.

तिच्याबरोबर आलेल्या माणसांना एक रील हवे होते. देवी आरती करते आहे आणि मागे नगारा वाजतो आहे. तांब्याचा नगारा पुढे आणला, कोंडीरामांना फेटा बांधला. ते हरखून टिपऱ्या उचलतात तोच कॅमेरेवाला म्हणाला, "काका, वाजवू नका. टिपऱ्या फक्त वर-खाली करा. आवाज आम्ही मागून टाकणार आहोत."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने सहा वेळा नगारा न वाजवता वाजवला. टिपरी चामड्याच्या बोटभर वर थांबवायची. पस्तीस वर्षे जो हात थांबला नाही, त्याला थांबायला शिकवले गेले, तेही देवासमोर. ते रील ऐंशी हजार लोकांनी पाहिले. त्यात जो नगारा ऐकू येतो तो कुठला, कुणाचा, मला माहीत नाही.

त्या यशाने समितीला हुरूप आला. ५ जानेवारीला, रविवारी, सगळेच स्वयंचलित झाले. मूर्तीपुढे मोबाईल कायमचा स्टँडवर बसला. घरबसल्या थेट दर्शन. समईच्या जागी विजेची ज्योत आली. आरतीचे शब्द एका स्पीकरमधून येणार. सतत चालू राहणारा मोबाईल सोडून बाकी सगळे माझ्याबरोबर आपोआप सुरू आणि बंद व्हावे म्हणून वसाहतीतल्या आदिनाथने एक टायमर जोडला. आदिनाथ चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. हुशार, हात स्वच्छ. तांब्याचा नगारा माळ्यावर गेला, माळ्याच्या कपाटाला कुलूप लागले. शरच्चंद्र कोंडीरामांना सौजन्याने म्हणाले की आता तुम्ही विश्रांती घ्या. रिकामे हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे कोंडीराम माझ्या चौकटीला धरून उभे राहिले.

आदिनाथची चूक त्याच संध्याकाळी झाली आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. कंपनीत भट्ट्या, कॉम्प्रेसर यांना असेच आठवड्याचे टायमर असतात, आणि ते लावताना आदिनाथचा हात सवयीने जसा चालतो तसाच इथेही चालला. सहा दिवस चालू. गुरुवार, साप्ताहिक सुट्टी, बंद.

दत्ताच्या देवळात गुरुवार बंद! मित्रांनो, बाकी सहा दिवस एक वेळ राहू द्या. पण दत्ताचा वारच गुरुवार. ९ जानेवारीला साडेसहा वाजले, मी गप्प, स्पीकर गप्प, ज्योतही विझलेली. मी वाट पाहिली की आता कुणीतरी धावत येईल. आले ते फक्त कोंडीराम. त्यांनी माझा खटका पाहिला, मूर्तीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"देवा," ते म्हणाले, "कमिटीनं तुजा वार माज्यासाठी ठिवला म्हनायचा. मानसं चांगली हायती."

त्यांनी तेलवात लावली. टिपऱ्या कुलपात होत्या, म्हणून माझा दांडा बाजूला सारून माझ्या चामड्यावर तळहाताने ठेका धरला आणि बारीक, खरखरीत आवाजात पूर्ण आरती म्हटली. मी सोळा वर्षे त्यांचा ठोका वाजवत होतो. पण म्हातारी माणसे दमतात त्या कडव्याला ते ठोका किंचित ओढून धरतात, हे मला माझ्यावरच त्यांचा हात पडला तेव्हा कळले. मारुतरावांच्या घड्याळाने ते टिपले नव्हते.

असे अकरा गुरुवार गेले. अकराही वेळा ते एकटेच आले आणि देवापुढे समितीचे आभार मानून गेले. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, म्हणजे वसाहतीतले पुरुष त्या दिवशी घरीच असतात. आदिनाथही घरीच होता. एकाही भल्या माणसाला वाटले नाही की आज नगारा वाजला नाही, जाऊन पाहावे. मी लोखंडाचा आहे, तरी मला त्याची लाज वाटली.

तक्रार शेवटी आली ती देवळातून नव्हे, मोबाईलवरून. थेट दर्शन घेणाऱ्या कुणीतरी लिहिले की गुरुवारी आवाज नीट येत नाही, ठोका मध्येच रेंगाळतो, शिवाय कोणीतरी खोकते. २७ मार्चला, गुरुवारी, सव्वासहा वाजता शरच्चंद्र आदिनाथला घेऊन आले. त्याने माझे झाकण उघडले, टायमर पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. गुरुवार चालू करायला अर्धे मिनिटही लागले नसते. तेवढ्यात कोंडीराम आत आले, धुतलेले धोतर नेसून.

त्या अर्ध्या मिनिटात काय जाणार होते ते मला ठाऊक होते, आणि मला ओरडता येत नव्हते. वीज नसली की मी मुका असतो.

कोंडीरामांनी आदिनाथच्या पाठीवर हात ठेवला. गुरुवार आपल्यासाठी राखल्याबद्दल त्यांना कधीचे दोघांचे आभार मानायचे होते, ते त्यांनी मानले. शरच्चंद्र छताकडे पाहू लागले. आदिनाथचा स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला.

"काका, तसं नाही ते," तो म्हणाला. "राखला नव्हता. कंपनीच्या सवयीनं मी सुट्टी लावून टाकली. चूक झाली माझी."

कोंडीरामांनी टायमरवर बोट टेकवले. मग म्हणाले, "चूक हाय व्हय? मग ऱ्हाऊ दे की. बाकी समदं बरोबरच हाय तुमचं."

शरच्चंद्रांनी घसा साफ केला. "कोंडीरामकाका, प्रश्न तुमचा नाही. लोकांना रोज एकसारखा आवाज हवा असतो."

"लोकं कुठं हायती, साहेब?"

शरच्चंद्रांनी मोबाईलकडे बोट दाखवले. कोंडीरामांनी वाकून त्या काचेत पाहिले, जणू तिच्या मागे कोणी बसले असेल. आदिनाथने माझे झाकण लावून टाकले. टायमरला हात लावला नव्हता. मग तोच स्क्रू-ड्रायव्हर त्याने माझ्या डाव्या बाजूला घातला, चार स्क्रू काढले आणि माझ्या झांजांची एक जोडी सोडवून शरच्चंद्रांच्या हातांत दिली.

"धरा, साहेब. आज सुट्टी आहे माझी. घंटा मी वाजवतो."

"मला येत नाही, आदिनाथ."

"काका सांभाळून घेतील."

मोबाईल चालूच होता. अठ्ठावन्न जण घरी बसून पाहत होते की सचिव हातात झांजा घेऊन उभे आहेत. त्यांना त्या खाली ठेवता येईनात. कोंडीरामांचा तळहात माझ्या चामड्यावर पडला आणि आरती सुरू झाली. शरच्चंद्रांची झांज दर वेळी अर्धी मात्रा उशिरा. कोंडीरामांनी त्यांच्याकडे न पाहताच ठोका ओढून धरला, त्यांना गाठू दिले आणि मग पुढे नेला. असे मला या जन्मात जमणार नाही. माझ्या कप्पीला ते कळत नाही. तिसऱ्या कडव्याला चित्राताई धापा टाकत आल्या. पतीला पडद्यावर पाहून त्या चपला घालायचे विसरून धावल्या होत्या.

तेव्हापासून गुरुवार बंद आहे, आणि समितीच्या पुस्तकात तसा ठराव आहे. माळ्याचे कपाट उघडले गेले. टिपऱ्या कोंडीरामांच्या घरी असतात. गुरुवारची आरती पुन्हा सातला होते. मालिकेवाल्यांनी काय करायचे ते त्यांनी पाहावे.

माझी विनवणी थोडकी आहे आणि ती मी हात जोडून करीत नाही, कारण मला हात नाहीत; तुम्हाला आहेत. मला तेल घाला, पट्टा बदला, माझी धूळ पुसा, तो माझा हक्क आहे. पण मी वाजतो आहे म्हणून घरी बसू नका. सोफ्यावरून केलेल्या नमस्काराला भक्ती म्हणायचे की करमणूक, याचा निवाडा मी यंत्र असून करू शकतो, आणि तुम्हाला तो करता येत नाही याची मला चीड आहे. ज्या माणसाचा ठोका तुम्ही यंत्रात भरून घेतला, तो माणूस अजून चालत देवळात येतो. तो आहे तोवर त्याच्याशेजारी उभे राहा. झांज उशिरा पडली तरी चालेल.

गेल्या गुरुवारी मी बंद होतो. मोबाईलवर एकेचाळीस. देवळात नऊ.