मिशीवाली जलदेवी

"उठली! उठली! देवी उठली!"

करावे गावाच्या खाडीकडल्या बांधावर हजारभर माणसं एकदम ओरडली आणि अरुणाताईंच्या कानठळ्या बसल्या. साडी नेसवलेला, शेंदराने माखलेला कमरेएवढा दगड खरोखरच हळूहळू चार बोटं वर आला होता. शंख वाजले, शंभर मोबाइल वर गेले, शेजारच्या सीवूड्सच्या फ्लॅटमधल्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या.

जलानंद महाराजांनी डोळे मिटले. "भक्तहो, माता रोज पाऊण तास उशिरा जागी होते. क्यों? कारण कलियुगात तुमची भक्तीही रोज पाऊण तास उशिरा येते!"

टाळ्यांचा कडकडाट! बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते काही खोटं नाही.

अरुणाताई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. दर रविवारी दहा-बारा हौशी मंडळी गोळा करून गावोगावचे जुने दगड धुवायचे, मोजायचे, नोंदवायचे, हा त्यांचा उद्योग. हा दगडही त्यांनीच गेल्या वर्षी चिखलातून वर काढला होता. तो होता वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. त्यावर होडी, होडीत वल्हेकरी, मधोमध झुपकेदार मिशांचा गडी आणि खाली तीन ओळी अक्षरं. ती अजून कुणीच वाचली नव्हती.

आणि आता ती कधी वाचलीही जाणार नव्हती. कारण गावातला बिल्डर धनेश माइकवर सांगत होता, "परवा पौर्णिमेला देवी उठली की लगेच ग्राइंडर मारून मूर्ती गुळगुळीत करनार, वर संगमरवर लावनार!"

ताई गर्दीतून घुसल्या. "अहो धनेश, तुमच्या देवीला मिशा आहेत!"

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. उग्र रूप हाय ते. आनि देवी नाय, तर दगड वर कसा येतो, ते सांगा ना!"

ताई गर्दीतून बाहेर पडल्या. त्यांना रडूच कोसळलं.

बांधाखाली धनेशची सख्खी काकी, सत्तरीची गोजरा, चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली घेऊन बसली होती. "काय झाला गो बाय?" तिनं विचारलं. ताईंनी नोंदवही उघडली. सवयीप्रमाणे त्यांनी देवीच्या उठण्याच्या वेळाही तीत टिपल्या होत्या. "हे बघा काकी. दशमीला दगड सकाळी साडेसातला उठला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला. आज त्रयोदशी, पावणेदहा."

गोजराकाकी हसायला लागली ती थांबेचना.

"अगो, तिथीची पाऊनपट! धाची पाऊनपट साडेसात, बाराची पाऊनपट नव! ही तर भरतीची येळ हाय! माजा सासरा बोटांवर मोजायचा!"

ताईंनी कपाळावर हात मारला. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर भरती-ओहोटी शिकवली होती, पण घरातली खाडीकडची खिडकी डासांच्या भीतीनं कधी उघडली नव्हती. गावानंही होड्या विकून भाड्याच्या खोल्या बांधल्यापासून तिथी मोजणं सोडलं होतं.

"त्या दगडाखाली पान्याचा जुना टाका हाय," काकी म्हणाली. "बांधाच्या उघाडीतून, म्हंजे पानी आत-भायेर करायच्या दारातून, त्यात खाडीचा पानी येतो. उघाडीची फळी खाली टाकली, की बंद!"

महाराजांनी महिन्याभरापूर्वी दगडाभोवती पडदे लावून सात दिवस 'अनुष्ठान' का केलं, ते ताईंना आत्ता कळलं.

पौर्णिमा. सव्वाअकरा. ग्राइंडर तयार. शंख वाजले. देवी ढिम्म! पुन्हा शंख. साडेअकरा झाले.

"मोबाइल बंद करा, माताजी डिस्टर्ब होतेय!" महाराजांना घाम फुटला. "काळे कपडेवाले मागे व्हा! इथे कोणीतरी नास्तिक आहे!"

"महाराज, मी उठवू का?" बांधावरून गोजराकाकीचा आवाज आला. तिनं पदर खोचला आणि सकाळी स्वतःच टाकलेली उघाडीची फळी ताईंच्या मदतीनं वर खेचली. "उठ गो बाय, उठ!"

बुडबुड, खळखळ! पाच-सात मिनिटांत देवी डुलत डुलत वर आली, कलली, साडी सुटली आणि भर सभेत मिशा दिसल्या. आधी एक पोरगी फिस्सकन हसली, मग अख्खा बांध हसला. धनेशनं स्वतः बाजूची फरशी उचकटली. खाली टाक्यात, दगडाखाली, घट्ट बुचं लावलेले दोन निळे ड्रम तरंगत होते.

"ही तर लीला!" म्हणत महाराज पळाले आणि खाडीलगतच्या खाजणातल्या चिखलात गुडघाभर रुतून बसले.

धनेशनं ग्राइंडरची वायर उपटली. तळहातानं शेंदूर पुसला. होडी दिसली, वल्ही दिसली. "काकी," तो हळूच म्हणाला, "हा तर आपलाच मानूस हाय. आनि मी त्याला घासून टाकत होतो!"

अरुणाताईंनी माइक हातात घेतला. "चमत्कार दिसला की जरूर थक्क व्हा. पण हात जोडण्याआधी एकदा खाली वाकून बघा, मोजा, जाणत्याला विचारा. आपल्या पूर्वजांनी समुद्र असाच ओळखला. त्यांचं शहाणपण विसरलो, म्हणून ड्रमच्या पाया पडलो."

मागून कुणीतरी चेष्टेनं ओरडलं, "काकी, उद्या किती वाजता उठनार?"

गोजराकाकीनं टोपली डोक्यावर घेतली. "पानी उठंल बाराला. तुमी कवा उठनार, ता सांगा!"